राहणं-जेवण धरून माणशी किती? समुद्रकाठच्या स्वस्त पॅकेजची पार्श्वभूमी

दिवाळीच्या सुट्ट्या दिसायला लागल्या की पुण्यात घरोघरी, ऑफिसात, सोसायटीच्या ग्रुपवर एकच चौकशी सुरू होते, समुद्राजवळ कुठेतरी दोन रात्री, राहणं-जेवण सगळं धरून माणशी किती पडेल? दिवेआगर, दापोलीजवळचं मुरूड, गुहागर की सरळ गोवा हे नंतर ठरतं, आधी 'सगळं धरून' हे पक्कं व्हायला लागतं. आता त्याला ऑल इन्क्लुझिव्ह म्हणतात आणि शब्द इंग्रजी असल्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की ही पद्धत बाहेरून आली, आधी फाइव्ह स्टारवाल्यांनी आणली आणि मग खाली झिरपत कोकणातल्या घरगुती रिसॉर्टपर्यंत पोचली. मला हे पटत नाही. ही पद्धत तिकडेही कमी पैशातल्या माणसांसाठीच निघाली आणि आपल्याकडे तर ती खाणावळीतून आली, असं माझं म्हणणं आहे.

आधी तिकडचं. बिली बटलिन नावाचा जत्रेतले खेळ चालवणारा एक माणूस वेल्समधल्या बॅरी आयलंडला सुट्टीला गेला होता. तेव्हा तिथे समुद्राजवळच्या घरांमध्ये खोली मिळायची, पण मालकिणीचा नियम असा की नाश्ता झाला की पाहुण्यांनी बाहेर पडायचं आणि संध्याकाळच्या जेवणालाच परत यायचं. बाहेर पाऊस पडत असला तरी. पोराबाळांना घेऊन लोक दिवसभर भिजत कुठेतरी आडोसा शोधत फिरायचे. हे त्याच्या डोक्यात बसलं आणि १९३६ मध्ये त्याने इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर स्केगनेसला आपला कॅम्प उघडला, लाकडी छोट्या खोल्या, दिवसाला तीन जेवणं, करमणूक आत, आणि भाडं सीझनप्रमाणे आठवड्याला माणशी ३५ शिलिंगपासून, म्हणजे पावणेदोन पौंडांपासून, ३ पौंडांपर्यंत. आठवड्याच्या पगारात आठवड्याची सुट्टी असं त्याचं गणित होतं. दोनच वर्षांनी, १९३८ मध्ये, ब्रिटनमध्ये पगारी रजेचा कायदा झाला आणि कारखान्यातल्या माणसाला पगार न बुडवता समुद्र बघायला जायची वाट उघडली. हा कायदा मला बटलिनच्या खोल्यांपेक्षाही मोठा वाटतो, कारण स्वस्त रिसॉर्ट काढून उपयोग काय, जर रजाच नसेल.

मग महायुद्ध झालं, आणि १९५० साली दोन गोष्टी जवळजवळ बरोबरच घडल्या. जेरार्ड ब्लिट्झ या वॉटर पोलो खेळणाऱ्या बेल्जियन माणसाने क्लब मेडिटेरानी सुरू केला, म्हणजे आजचा क्लब मेड. पहिली वस्ती स्पेनच्या मायोर्का बेटावर आल्कुदियाला, आणि ती चक्क तंबूंची. तंबू पुरवणारा जिल्बेर त्रिगानो पुढे कंपनीत आला आणि त्यानेच ती वाढवली. एकदाच पैसे भरायचे, जेवण आणि खेळ त्यातच, बारमधलं पेय तेवढं वेगळं आणि त्यासाठी पुढे पाकिटाऐवजी गळ्यात मण्यांची माळ आली, मणी काढून द्यायचे. पोहण्याच्या कपड्यात माणूस पैसे ठेवणार कुठे, इतका साधा विचार त्यामागे होता. त्याच वर्षी व्लादिमिर राइट्झने लंडनहून कोर्सिका बेटावरच्या काल्वीला विमान नेलं, साडेबत्तीस पौंडात विमान, तंबू, जेवण सगळं. इंग्लंडमध्ये तेव्हा मांसाचं रेशनिंग चालू होतं, ते १९५४ पर्यंत चाललं, त्यामुळे दोन वेळ पोटभर मटण मिळणार हे समुद्राइतकंच आकर्षण होतं. जेवण पॅकेजमध्ये का आलं याचं याहून सरळ उत्तर मला कुठे सापडलेलं नाही.

दारू, वॉटर स्पोर्ट्स, टिप सगळंच आत, हे रूप कॅरिबियनमधलं. जमैकात गॉर्डन स्टुअर्ट या एसीच्या धंद्यातल्या माणसाने १९८१ मध्ये मॉन्टेगो बेला सँडल्स सुरू केलं आणि तिथून हे सगळीकडे गेलं. पण त्यातून एक दुखणंही आलं. पाहुणा कुंपणाच्या आतच जेवतो, आतच पितो, आतच खरेदी करतो, मग बाहेरच्या हॉटेलवाल्याला, टॅक्सीवाल्याला, फळं विकणाऱ्या बाईला काय मिळणार? पश्चिम आफ्रिकेतल्या गाम्बिया या छोट्या देशाने १९९९ मध्ये याच कारणासाठी अशा पॅकेजवर बंदी घातली होती. धंदा घटतोय असं दिसल्यावर ती मागे घ्यावी लागली, पण प्रश्न खरा होता आणि तो आपल्या किनाऱ्यालाही लागू आहे, त्यावर पुढे येतो.

मध्येच एक कामाची गोष्ट. बुकिंग करताना ईपी, सीपी, एमएपी, एपी अशी अक्षरं दिसतात. ईपी म्हणजे युरोपियन प्लॅन, नुसती खोली. सीपी म्हणजे कॉन्टिनेंटल, खोली आणि नाश्ता. एपी म्हणजे अमेरिकन प्लॅन, तीन वेळचं खाणं धरून, कारण एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या हॉटेलांत तशीच पद्धत होती, आणि एमएपीमध्ये त्यातलं एक जेवण कमी. गोव्यातली बरीच 'स्वस्त ऑल इन्क्लुझिव्ह' पॅकेजं म्हणजे खरंतर नुसता एपी असतो, चहा-पाणी-बार सगळं वेगळं. आम्हाला एकदा एका ठिकाणी, नाव घेत नाही, प्यायच्या पाण्याच्या बाटल्यांचंसुद्धा वेगळं बिल लावलं होतं, चार दिवसांचं. तेव्हापासून फोनवर पहिला प्रश्न पाण्याचा विचारते.

आता आपल्याकडचं. जुन्या पाट्या आठवा, लॉजिंग-बोर्डिंग. बोर्डिंग म्हणजे जेवणाची सोय, आणि पुण्यात हा शब्द इतका रुळला की टिळक रोडचं बादशाही बोर्डिंग आजही त्याच नावाने ओळखलं जातं. बाहेरगावहून शिकायला आलेला मुलगा, नोकरीला आलेला एकटा माणूस, महिन्याचे पैसे आधी भरायचे आणि दोन वेळ पानावर बसायचं. त्याच्याही आधी वार लावून जेवणं होतं, माधुकरी होती. मुंबईत गिरणगावात कोकणातून आलेल्या कामगारांचं पोट खाणावळवाल्या बायकांवर चालायचं, पगार झाला की महिन्याचा हिशेब, आणि १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी याच बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. म्हणजे ठरलेल्या पैशात ठरलेलं जेवण, मेनू कार्ड नाही, जे शिजलंय ते सगळ्यांना सारखं, ही पद्धत कोकणातल्या माणसाला क्लब मेडने शिकवायची गरज नव्हती. माथेरानलाही जुनी हॉटेलं जेवणासकटच खोली द्यायची, गाड्या वर येत नाहीत, रोज भाजीपाला घोड्यावरून किंवा माणसाच्या डोक्यावरून यायचा, तिथे किती माणसं जेवणार हे आधी कळलंच पाहिजे.

किनाऱ्यावरही अगदी हेच झालं. ज्यांनी पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचं दिवेआगर किंवा मुरूड बघितलंय त्यांना आठवेल, गावात जेवायला हॉटेल असं नव्हतंच. एसटीने उतरायचं, सुपारीच्या वाडीतून चालत जायचं आणि ज्यांच्या घरी उतरलोय त्यांच्याच पडवीत जेवायचं. १९९७ मध्ये दिवेआगरला वाडीत खणताना तांब्याच्या पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला आणि दर्शनाला रीघ लागली, ताम्हिणीतून पुण्याच्या गाड्या यायला लागल्या, आणि लोकांनी मागच्या दोन खोल्या रंगवून पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. २०१२ मध्ये तो मुखवटा दरोड्यात गेला, पण तोपर्यंत समुद्रासाठी येणारे लोक वेगळे तयार झाले होते. १९७५ मध्ये निघालेल्या राज्याच्या पर्यटन महामंडळाने, म्हणजे एमटीडीसीने, गणपतीपुळ्याला, तारकर्लीला मोठी निवासं बांधली आणि न्याहारी-निवास योजनेतून घरातल्या खोल्यांना नोंदणीही दिली. १९९७ मध्येच सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला आणि पुढच्या वर्षी कोकण रेल्वे पूर्ण धावायला लागली. अर्थात पुणेकराला त्या रेल्वेचा फारसा उपयोग नाही, आपलं सगळं घाटावर, ताम्हिणी नाहीतर वरंधा.

आपल्या किनाऱ्यावर मेक्सिकोतल्या कॅनकूनसारखे हॉटेलांचे टॉवर का उभे राहिले नाहीत याला मात्र कायदा आहे. इंदिरा गांधींनी १९८१ मध्ये किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना लिहिलं होतं की भरतीरेषेपासून ५०० मीटर मोकळे ठेवा, आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाला बंधनं घालणारी, अधिसूचना निघाली. गावाकडच्या किनाऱ्यावर पहिल्या २०० मीटरमध्ये नवीन बांधकाम नाही, त्यापुढे ५०० पर्यंत परवानगी घेऊन आणि उंची ९ मीटरच्या आत. २०१९ च्या नव्या नियमात दाट वस्तीच्या गावांसाठी ते २०० मीटर ५० वर आणलेत, त्याची मला खरंच काळजी वाटते. कारण मोठी कंपनी येऊ शकली नाही म्हणून जागा गावातल्या माणसाच्या हातात राहिली, आणि गाम्बियाचा जो प्रश्न होता तो इथे बऱ्यापैकी सुटला. नारळ वाडीतला, मासे बंदरावरचे, तांदूळ शेजारचा, वाढणारी भाची. तुमचे पैसे गावातच फिरतात.

आणि स्वस्त कसं परवडतं तेही बघण्यासारखं आहे. मुरूडला आम्ही ज्यांच्याकडे जातो त्या काकूंचा आदल्या रात्री फोन येतो. "पानं किती? मासे खाणारे किती? मोदक हवेत का, म्हणजे पीठ काढून ठेवते." हर्णैला संध्याकाळी किनाऱ्यावरच मासळीचा लिलाव होतो, बोटीतून माल उतरतो, टोपल्यांभोवती कडं करून बोली लागते, आणि काकूंचे यजमान तिथे पानांचा आकडा डोक्यात ठेवूनच उभे असतात. अकरा पानं मासे खाणारी असतील तर अकराच सुरमईच्या तुकड्या, बारावी नाही. वाया काही जात नाही, फ्रीजमध्ये काही पडून राहत नाही, चाळीस पदार्थांची तयारी ठेवावी लागत नाही. पंगतीचा हिशेब आहे हा. मेनू कार्डवाल्या हॉटेलला तो जमत नाही, कारण कोण काय मागेल ते त्याला माहीत नसतं. म्हणून जास्त चॉइस दाखवणारं स्वस्त पॅकेज बघितलं की मी दोनदा चौकशी करते, कुठेतरी कात्री लागलेली असणारच, बहुतेक वेळा मासळीच्या ताजेपणाला.

याच्याशी सुट्टीचंही गणित जोडलेलं आहे. केंद्र सरकारचा पाच दिवसांचा आठवडा १९८५ पासून, हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत शनिवार-रविवार मोकळा आणि राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना तो २९ फेब्रुवारी २०२० पासून मिळाला. शुक्रवारी रात्री निघायचं आणि रविवारी परत, या दोन रात्रींवरच आजचं सगळं किनाऱ्याचं पॅकेज बेतलेलं आहे. आमच्या लहानपणी सुट्टी म्हणजे मामाकडे नाहीतर आत्याकडे जाणं, आणि आई तिथेही स्वयंपाकघरातच असायची, फक्त शेगडी दुसऱ्याची. २००३ च्या डिसेंबरात आम्ही पहिल्यांदा दिवेआगरला गेलो, माणशी साडेतीनशे रुपये दिवसाचे, आणि पहिल्या जेवणाला आई सवयीने उठून भाताचं पातेलं घ्यायला गेली. तिथल्या आजी म्हणाल्या, "बसा हो तुम्ही, पाहुण्या ना तुम्ही." आई बसली. गरम भात, सोलकढी, तळलेला बांगडा पुढ्यात आला आणि तिने सगळ्यांच्या बरोबर, पहिल्या पंगतीत जेवायला सुरुवात केली. मी तेव्हा कॉलेजात होते आणि आईला असं जेवताना मी त्याआधी कधी बघितलंच नव्हतं, लग्नकार्यातसुद्धा नाही. आमच्या घरात 'सगळं धरून' याचा अर्थ तेव्हापासून हा आहे.

म्हणून दर घासाघीस करताना जरा थांबावं असं वाटतं, कारण आईची सुटका झाली तेव्हा चुलीपुढे दुसरी एक बाई उभी होतीच. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूने आत शिरलं आणि दापोलीपर्यंतच्या वाड्या झोपवून गेलं. नारळ-सुपारीचं झाड लावल्यावर उत्पन्न सुरू व्हायलाच काही वर्षं जातात, त्यामुळे ज्या घरांना वाडीचा मुख्य आधार आणि पाहुणे जोडधंदा होता तिथे ते उलटं झालं, पाहुण्यांवरच घर चालवायची वेळ आली. शिवाय सीझन वर्षभर नसतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, समुद्र खवळलेला, वरंधा घाट पावसात बऱ्याचदा बंदच. त्या दिवसांत दर निम्म्यावर येतात, ताजी मासळी नसते, पण घावन, फणसाची भाजी, अळूचं फदफदं असतं आणि खोलीत बसून पाऊस बघता येतो. यंदा जुलैसाठी काकूंना फोन केला तर त्या म्हणाल्या मासे नाहीत हं, सुकट चालेल का. चार पानं सांगितली आहेत.