स्कॉटलंडच्या शाळा मार्कांशिवाय एवढं सगळं का मोजतात? थोडी पार्श्वभूमी

जून संपत आला की स्कॉटलंडमधल्या कुठल्याही सरकारी हायस्कूलचं न्यूजलेटर उघडून बघा. एस थ्रीच्या, म्हणजे हायस्कूलच्या तिसऱ्या वर्षाच्या, मुलांनी ग्रुप करून गावातल्या एका संस्थेसाठी तीन हजार पौंड मिळवले, कुणी डोंगरात तंबू ठोकून ड्यूक ऑफ एडिनबरा अवॉर्डचं ब्राँझ पूर्ण केलं, कुणाला तिथला लाडका कवी बर्न्सच्या कविता म्हणण्यात बक्षीस, एस सिक्सची मुलं एस वनच्या पोरांना वाचायला बसवतात त्यांचं कौतुक, आणि मग कुठेतरी खाली शाळेत पहिला आलेल्याचा म्हणजे 'डक्स'चा फोटो. ॲबर्डीन, ग्लासगो, एडिनबराला नोकरीसाठी गेलेल्या आपल्या आईबाबांना पहिल्या वर्षी हे वाचून प्रश्न पडतो की ठीक आहे हो सगळं, पण अभ्यासाचं काय? ते चूक नाहीत, कारण हायरला, म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्षांतल्या बोर्डाच्या परीक्षेला, काय ग्रेड आली यावरच पुढे युनिव्हर्सिटीचं बरंचसं ठरतं. मग बाकीच्या गोष्टींचा एवढा पसारा आला कुठून? माझं म्हणणं असं की तो कुणाच्या मोठ्या मनातून आलेला नाही. तिथल्या परीक्षेनं जेव्हा जेव्हा बरीच मुलं बाहेर ठेवली किंवा परीक्षाच तोंडावर आपटली, तेव्हा तेव्हा थोडा थोडा वाढत गेलाय.

शाळेचा आग्रह तिथे फार जुना आहे. १४९६ साली चौथ्या जेम्स राजाच्या काळात कायदा झाला की सरदार आणि मोठ्या जमीनदारांनी थोरल्या मुलाला शाळेत घातलंच पाहिजे, नाहीतर दंड. १५६० नंतर धर्मसुधारक जॉन नॉक्स आणि मंडळींनी ठरवलं की प्रत्येक पॅरिशमधे, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावात, शाळा हवी. मुलांना बायबल वाचता यावं हा उद्देश, पण वाचता आलं की माणूस बाकीचंही वाचतोच. १६९६च्या कायद्यानं शाळेची इमारत आणि मास्तरचा पगार जमीनदारांच्या गळ्यात बांधला. यातूनच तिथे एक आवडती गोष्ट तयार झाली, गरीब घरातला हुशार पोरगा गावच्या शाळेतून थेट युनिव्हर्सिटीत जातो ती. असे पोरगे खरंच होते, पण मोजके, आणि पोरगेच. मुलींसाठी युनिव्हर्सिटीची दारं उघडायला १८९२ उजाडलं.

आता इथे आपला एक धागा लागतो आणि तो मला फार आवडतो म्हणून जरा थांबतो. सेंट अँड्र्यूज गावात मद्रास कॉलेज नावाची शाळा आहे. नाव कॉलेज असलं तरी साधी सरकारी हायस्कूल, २०२१ मधे नव्या इमारतीत गेली. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर मद्रास कुठून आलं? तर अँड्र्यू बेल नावाचा पाद्री, १७५३ साली याच गावात जन्मलेला, १७८९ पासून मद्रासला सैनिकांच्या अनाथ मुलांची शाळा बघत होता. शिक्षक पुरेसे नव्हते आणि होते ते नवीन काही करायला तयार नव्हते. तेव्हा त्यानं तिथल्या देशी शाळेत पाहिलं की पोरं वाळूत बोटानं अक्षरं गिरवतायत आणि मोठी मुलं लहानांना शिकवतायत. आपल्याकडे पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर चालायचं तेच. त्यानं ते उचललं, १७९७ मधे लंडनला जाऊन त्यावर पुस्तिका छापली, आणि 'मद्रास सिस्टिम' म्हणून ती अर्ध्या जगात पसरली. जोसेफ लँकेस्टर नावाचा इंग्रज म्हणाला ही तर माझी पद्धत, मग दोघांच्या समर्थकांची वर्षानुवर्षं भांडणं. गंमत म्हणजे तीच पद्धत जहाजात बसून परत आली आणि एल्फिन्स्टनच्या काळात मुंबई इलाख्यातल्या नव्या शाळांमधे 'विलायती' म्हणून चालवली गेली (एल्फिन्स्टनही मूळचा स्कॉटिशच). म्हणजे वर्गातला मॉनिटर ही भानगड आपल्याच ओसरीवरून निघून मोठा फेरा मारून आपल्याकडे आली. बेलनं मरताना १ लाख २० हजार पौंड शाळांसाठी ठेवले, त्यातला मोठा वाटा सेंट अँड्र्यूजला गेला आणि १८३३ मधे मद्रास कॉलेज सुरू झालं.

बेलचा हेतू मुख्यतः स्वस्तात काम करून घेण्याचा होता हे मान्य. पण एका मुलानं दुसऱ्याला शिकवणं हेही शिक्षण आहे ही कल्पना तिथे दोनशे वर्षांपूर्वी येऊन गेली, आणि आज एस सिक्सच्या मुलाचं वाचनमित्र म्हणून कौतुक होतं तेव्हा त्या कल्पनेचंच लांबचं नातवंड आपण बघत असतो.

मग १८७२चा कायदा, पाच ते तेरा वयाच्या सगळ्यांना शाळा सक्तीची. आणि १८८८ मधे लीव्हिंग सर्टिफिकेट. हेन्री क्रेक नावाचा अधिकारी, त्याच्या स्कॉच एज्युकेशन डिपार्टमेंटचं ऑफिस मात्र लंडनला, तिथून अख्ख्या स्कॉटलंडची एक परीक्षा सुरू झाली आणि युनिव्हर्सिट्यांनी ती मान्य केली. झालं, त्या दिवसापासून हायस्कूल कशासाठी याचं उत्तर पक्कं झालं. आजची हायर परीक्षा त्याच घराण्यातली, सव्वाशे वर्षांहून जुनी, आणि स्कॉटिश माणूस तिच्याबद्दल आपण मॅट्रिकबद्दल बोलायचो तसं बोलतो.

पण सर्टिफिकेट मिळणारे थोडे. १९३६च्या कायद्यानंतर बारा वर्षांच्या मुलांची चाळणी लागायची, वरची मुलं सीनियर सेकंडरीत, बाकीची ज्युनियर सेकंडरीत. ज्युनियरवाली मोठी संख्या, आणि १९४७ पासून शाळा सोडायचं वय पंधरा झालं तरी ती पोरं पंधराव्या वर्षी हातात कुठलंही राष्ट्रीय सर्टिफिकेट न घेता बाहेर पडायची. त्याच १९४७ मधे सरकारच्याच सल्लागार मंडळानं एक धाडसी रिपोर्ट दिला होता की चाळणी बंद करा, सगळ्यांना एकच शाळा. रिपोर्टची खूप तारीफ झाली आणि तो कपाटात गेला. चाळणी मोडायला १९६५चं सरकारी सर्क्युलर ६०० यावं लागलं. १९६२ मधे ओ ग्रेड नावाची हायरच्या खालची परीक्षा आली होती पण तीही वरच्या थरातल्या मुलांसाठीच आखलेली. आणि १९७२-७३ ला वय सोळा केल्यावर तर अशी मुलं वर्गात बसली ज्यांना बसायला परीक्षाच नव्हती. एक वर्ष जास्त बसवून ठेवायचं, पण कशासाठी हे कुणी सांगेना. १९७७ मधे मन आणि डनिंग या दोन माणसांच्या नावाचे दोन रिपोर्ट एकदम आले, त्यातून स्टँडर्ड ग्रेड निघाली, फाउंडेशन, जनरल, क्रेडिट अशा तीन पायऱ्या, म्हणजे प्रत्येकाला काहीतरी मिळेल. पहिल्या परीक्षा १९८६ मधे झाल्या.

इकडे परीक्षेच्या बाहेरची गोष्ट वेगळीकडेच शिजत होती, आणि तीही सरकारी नाही तर श्रीमंतांच्या खाजगी शाळेत. कर्ट हान हा जर्मन ज्यू मुख्याध्यापक, हिटलरच्या विरोधात बोलला म्हणून अटक झाली, १९३३ मधे ब्रिटनला आला आणि पुढच्या वर्षी मोरेच्या किनाऱ्याजवळ त्यानं गॉर्डनस्टाउन शाळा काढली. त्याचं म्हणणं तरुणांचं अंग ढिलं पडत चाललंय, त्यांना डोंगर, समुद्र, सेवा, हातातलं कसब असं सगळं द्या. १९३६ मधे त्यानं मोरे बॅज सुरू केला, आणि तो फक्त स्वतःच्या विद्यार्थ्यांपुरता न ठेवता आसपासच्या मुलांनाही खुला केला. त्याच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांमधे एक होता प्रिन्स फिलिप, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ एडिनबरा. १९५६ मधे त्यानं तीच कल्पना देशभर नेली ती ड्यूक ऑफ एडिनबरा अवॉर्ड, आणि चालवायला माणूस घेतला जॉन हंट, १९५३च्या एव्हरेस्ट मोहिमेचा नेता. आधी फक्त मुलांसाठी, मुली १९५८ पासून. ब्राँझला दोन दिवस एक रात्र बाहेर, सिल्व्हरला तीन दिवस, गोल्डला चार, शिवाय महिनोन्महिने सेवाकार्य, एखादा खेळ, एखादं कौशल्य. भारतातही ही योजना चालते, आपल्याकडच्या काही शाळांतून आयएवायपी नावानं ती माहीत असेल. मला यातलं महत्त्वाचं हे वाटतं की इथे कुणी पहिला दुसरा येत नाही, स्वतः ठरवलेलं पुरं केलं की झालं. बोर्डाच्या परीक्षेच्या बरोबर उलटं.

या सगळ्याला माणूस लागतो, आणि तो माणूस म्हणजे संध्याकाळी, शनिवारी फुकट थांबणारा शिक्षक. हे किती नाजूक आहे ते १९८४ ते ८६ मधे कळलं. पगारावरून शिक्षकांचं मोठं आंदोलन झालं आणि त्यांनी शाळेनंतरची कामं सोडली. शनिवारच्या फुटबॉल मॅचेस, क्लब, नाटकं, सगळं थंड पडलं, आणि पगाराचा प्रश्न मिटल्यावरही बऱ्याच शाळांत ते पूर्वीसारखं परत आलंच नाही. स्कॉटलंडच्या फुटबॉलची घसरण सुरू झाली ती तिथूनच असं म्हणणारे लोक अजून भेटतात, आता खापर थोडं जास्त फोडतात म्हणा, पण अगदी निराधारही नाही.

२००० साल परीक्षेचं नाक कापणारं. तीन वर्षांपूर्वी जन्मलेलं एसक्यूए हे परीक्षा बोर्ड, नवीन हायर, नवीन कॉम्प्युटर, आणि ऑगस्टमधे हजारो मुलांचे निकाल चुकीचे किंवा अर्धवट. बोर्डाचा प्रमुख गेला, शिक्षणमंत्र्याचं खातं बदललं. नवीन स्कॉटिश पार्लमेंटला जेमतेम एक वर्ष झालेलं आणि पहिलं मोठं लफडं हे. त्यानंतर २००२ मधे शिक्षणावर देशभर चर्चा घेतली गेली आणि २००४ मधे 'करिक्युलम फॉर एक्सलन्स' आलं. शाळेतून बाहेर पडणारं मूल यशस्वी शिकणारं, आत्मविश्वासू, जबाबदार नागरिक आणि हातभार लावणारं असावं अशी चार उद्दिष्टं. पोस्टरवर छान दिसतात म्हणून लोक नाकं मुरडतात, मीही मुरडलं असतं, पण आराखड्यात पुढे एक ओळ आली ती खरी कामाची. शिक्षण चार ठिकाणी होतं असं त्यात लिहिलं: विषयांमधे, विषय एकत्र करून केलेल्या कामात, शाळेच्या रोजच्या जगण्यात, आणि मुलाच्या स्वतःच्या वैयक्तिक यशात. म्हणजे डोंगरातला तंबू आता शाळेनंतरचा उद्योग राहिला नाही, तो अभ्यासक्रमाचा भाग झाला. वरच्या न्यूजलेटरमधली यादी लिहायला शाळेला कारण मिळालं ते इथे. ते तीन हजार पौंडही याच काळातले, वुड फाउंडेशनच्या मदतीनं चालणारा वायपीआय उपक्रम: मुलं संस्था निवडतात, तिथे जाऊन माणसांशी बोलतात, शाळेसमोर तिची बाजू मांडतात, जो ग्रुप जिंकेल त्याच्या संस्थेला पैसे.

अडचण वरच्या वर्गात येते. एस वन ते एस थ्री मोकळं शिक्षण, आणि एस फोरला पाय ठेवला की नॅशनल फाइव्ह, मग हायर, मग ॲडव्हान्स्ड हायर, तीन वर्षं परीक्षेमागून परीक्षा. ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेनं २०२१च्या अहवालात नेमकं यावर बोट ठेवलं की खाली एक तत्त्वज्ञान आणि वर दुसरंच. शाळांनीही मग एक शहाणपणाची म्हणा की चलाखीची म्हणा वाट काढली. स्कॉटलंडमधे सगळ्या पात्रता बारा पायऱ्यांच्या एका शिडीवर बसवतात, नॅशनल फाइव्ह पाचवी, हायर सहावी. मग युथ अचीव्हमेंट अवॉर्डसारखे उपक्रमही त्याच शिडीवर बसले, ब्राँझ चौथी पायरी, सिल्व्हर पाचवी, गोल्ड सहावी. जे मोजता येतं ते शाळेच्या आकड्यात दाखवता येतं. फायदा हा की ज्या मुलाला पेपर जमत नाही त्याच्या हातात खरं काहीतरी येतं, तोटा हा की मदत करायची तर आधी फॉर्म भरा.

आणि २०२०. कोविडमुळे परीक्षा रद्द, शिक्षकांनी अंदाजे ग्रेड दिले, बोर्डानं शाळेचा मागचा इतिहास बघून ते खाली-वर केले. सुमारे सव्वा लाख ग्रेड खाली आले. सगळ्यात गरीब वस्त्यांतल्या मुलांचं हायर पास व्हायचं प्रमाण शिक्षकांच्या अंदाजापेक्षा १५.२ अंकांनी कमी झालं, सगळ्यात सुखवस्तू भागात ६.९ नी. म्हणजे तू हुशार असशील पण तुझी शाळा नव्हती ना. ग्लासगोच्या जॉर्ज स्क्वेअरमधे पोरं पाट्या घेऊन उभी राहिली आणि ११ ऑगस्टला शिक्षणमंत्री जॉन स्विनींनी निर्णय मागे घेतला, शिक्षकांचे ग्रेड परत दिले. ते पुढे २०२४ मधे फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे स्कॉटलंडच्या सरकारचे प्रमुख, झाले, राजकारणात चालायचंच.

त्या धक्क्यानंतर प्रोफेसर लुईज हेवर्ड यांच्या गटानं जून २०२३ मधे सुचवलं की शाळा सोडताना एकच डिप्लोमा द्या, त्यात तीन भाग: विषय, एक मोठा प्रोजेक्ट, आणि मुलाचा स्वतःचा प्रवास, म्हणजे खेळ, सेवा, घरातली जबाबदारी, नोकरी सगळं. १९४७च्या रिपोर्टची आठवण यावी इतकं धाडसी. सप्टेंबर २०२४ मधे सरकारचं उत्तर आलं: परीक्षा राहणार, काही विषयांत तिचं वजन कमी करू, डिप्लोमा जसाच्या तसा नाही. २०२५ मधे एसक्यूए बंद करून क्वालिफिकेशन्स स्कॉटलंड नावाचं नवीन बोर्ड आणायचा कायदा पास झाला. विरोधक म्हणाले पाटी बदलली, दुकान तेच.

तर तिथल्या शाळेत मूल असेल तर एवढं लक्षात घ्या की ड्यूक ऑफ एडिनबराला युकासचे, म्हणजे युनिव्हर्सिटी प्रवेश बघणाऱ्या ब्रिटिश संस्थेचे, पॉइंट मिळत नाहीत, हायरला मिळतात. आणि तरीही पर्सनल स्टेटमेंट लिहायची वेळ येते तेव्हा बहुतेक पोरं त्या पावसातल्या तंबूबद्दलच लिहायला बसतात, कारण केमिस्ट्रीत ए मिळाला याच्यावर दोन वाक्यांच्या पुढे लिहिणार काय.