बर्फावरची सावली निळी का?

फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं ‘ला पी’ (म्हणजे मॅगपाय पक्षी) हे चित्र जवळजवळ सगळं पांढरं आहे. १८६८-६९च्या हिवाळ्यात, फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर एत्रताजवळ त्याने ते रंगवलं. बर्फाने झाकलेलं कुंपण, मागे घर, डावीकडे लाकडी फाटक आणि त्यावर बसलेला एकुलता एक मॅगपाय. हा कावळ्याच्या कुळातला, म्हणजे आपल्या टकाचोराचा नातलग. माणूस कुठेच नाही. १८६९मध्ये पॅरिसच्या ‘सलाँ’ प्रदर्शनाच्या परीक्षकांनी हे चित्र नाकारलं.

कुंपणाची सावली नीट पाहा. ती करडी नाही, चक्क निळसर-जांभळी आहे. सूर्य कुंपणापलीकडे, म्हणून सावली आपल्या दिशेने येते. तिथे थेट ऊन पोहोचत नाही, पण आकाशाचा उजेड पोहोचतो. हवेचे रेणू निळा प्रकाश तांबड्यापेक्षा कितीतरी जास्त विखुरतात, त्यामुळे हा उजेड निळा असतो. बर्फाचे स्फटिक सगळे रंग जवळपास सारखेच परत फेकतात. जो उजेड पडेल त्याचाच रंग बर्फ दाखवतो. म्हणजे मोनेने रंगवलं ते भौतिकदृष्ट्या अगदी बरोबर होतं.

मग आपल्याला ते सहसा दिसत का नाही? ‘बर्फ पांढरा’ हे मेंदूला ठाऊक असतं आणि उजेडाचा रंग तो परस्पर वजा करतो. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून उजेडाच्या रंगानुसार केलेली जुळणी) उन्हासाठी ठेवून निरभ्र दिवशी बर्फाचा फोटो काढला, तर सावल्या निळ्याच उतरतात. मोनेने ही वजाबाकी होऊ दिली नाही, आणि मला त्याचं खरं कसब इथेच दिसतं.

पांढरा रंगही एकच नाही. उन्हातल्या बर्फात पिवळसर, मलईची छटा आहे. शेजारी ठेवलेले पिवळा आणि निळा एकमेकांना अधिक उठावदार करतात. शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९मध्ये असा परस्परविरोध सविस्तर मांडला होता. म्हणूनच चित्रात गारठा आणि कोवळ्या उन्हाची ऊब एकाच वेळी जाणवते. फांद्यांवर रंगाचे जाड थर आहेत, आकाश मात्र सपाट आणि मऊ. एवढ्या उजळ पसाऱ्यात तो इवलासा काळा पक्षी नजर धरून ठेवतो. तो नसता तर बर्फ इतका लख्ख वाटलाच नसता.