बिनपगारी रजेची टांगती तलवार : वैमानिकांच्या नोकरीची पार्श्वभूमी

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात लोहगाव विमानतळावर विमाने उभी होती, प्रवासी ताटकळत होते आणि वैमानिक मिळत नव्हते. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम १ नोव्हेंबरपासून पूर्णपणे लागू झाले होते. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली, रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. या नियमांसाठी लागणारी माणसे इंडिगोने वेळेत उभी केली नाहीत आणि देशभर हजारो उड्डाणे रद्द झाली. वैमानिकांची टंचाई त्या आठवड्यात सगळ्यांना दिसली. त्याच्या पाचच वर्षे आधी याच व्यवसायातले कितीतरी जण बिनपगारी रजेवर घरी बसले होते, हे मात्र फारसे कुणाला आठवले नाही. टंचाई आणि बेकारी आपल्याकडे आलटून पालटून का येतात, हे समजायला थोडे मागे जावे लागते.

१९५३ मध्ये विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. देशांतर्गत सेवा इंडियन एअरलाइन्सकडे आणि परदेशी मार्ग एअर इंडियाकडे गेले. पुढची चार दशके वैमानिकाची नोकरी ही सरकारी नोकरी होती. भरती कमी, बढतीला वेळ लागायचा, पण एकदा आत गेलेला माणूस निवृत्तीपर्यंत आत. पुण्यात तर हवाई दलाचा तळ शेजारीच असल्याने, गणवेश उतरवून नागरी विमान चालवायला लागलेले अधिकारी लोकांच्या ओळखीचे असत. ‘पायलट म्हणजे आयुष्यभराची सोय’ ही समजूत त्या काळातली आहे. परिस्थिती बदलली तरी ती समजूत घराघरांत टिकून राहिली.

नव्वदच्या दशकात आकाश खासगी कंपन्यांना खुले झाले आणि १९९४ मध्ये राष्ट्रीयीकरणाचा जुना कायदा रद्द झाला. ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, एनईपीसी ही नावे आज तिशीतल्या वैमानिकांनी ऐकलेलीही नसतील. त्यातली एकही कंपनी ते दशक ओलांडू शकली नाही. तेव्हा बेकार झालेल्यांना जेट आणि सहाराने सामावून घेतले, त्यामुळे धक्का जाणवला नाही. माझ्या मते नेमके हेच घातक ठरले. कंपनी बुडाली तरी वैमानिकाला दुसरीकडे जागा मिळतेच, असा समज रूढ झाला आणि संरक्षणाचा प्रश्न कुणी लावून धरला नाही.

२००३ मध्ये एअर डेक्कन आली, २००५ मध्ये किंगफिशर, स्पाइसजेट आणि गोएअर, २००६ मध्ये इंडिगो. विमाने इतक्या वेगाने आली की परदेशी कॅप्टन आणावे लागले. बारामतीच्या धावपट्टीवर प्रशिक्षणाची विमाने घिरट्या घालू लागली, पुण्यात हवामानशास्त्र आणि नॅव्हिगेशनचे क्लास निघाले. व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तास उड्डाण लागते. त्यावर एअरबस किंवा बोइंग चालवण्याचे टाइप रेटिंग वेगळे. सगळा हिशेब लाखांत, पुष्कळदा कोटीच्या घरात जातो. त्यासाठी घर तारण ठेवणारे किंवा जमीन विकणारे आईवडील मंदीच्या कोणत्याही चर्चेत दिसत नाहीत, पण खरी जोखीम तेच उचलतात. परवाना हातात आला त्या वर्षी बाजार पडलेला असेल, तर कर्जाचे हप्ते सुरू होतात आणि नोकरी कुठेच नसते.

२००८ ची मंदी अशीच आली. जुलैमध्ये खनिज तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत गेले, पाठोपाठ जागतिक आर्थिक संकट. १५ ऑक्टोबरला जेट एअरवेजने शेकडो जणांना एका फटक्यात काढले. त्यात बहुतेक केबिन क्रू होते. गणवेशातली ती मुले-मुली राज ठाकरे यांच्याकडे गेली, गदारोळ झाला आणि दुसऱ्याच रात्री जेटचे अध्यक्ष नरेश गोयल यांनी सर्वांना परत घेतल्याचे जाहीर केले. नोकऱ्या वाचल्या याचा आनंद होताच. पण त्या वाचल्या त्या टीव्हीच्या कॅमेऱ्यांमुळे आणि राजकीय दबावामुळे. पुढच्या वर्षी जेटच्याच वैमानिकांनी संघटना बांधली तेव्हा दोघांना काढून टाकण्यात आले आणि सप्टेंबर २००९ मध्ये शेकडो वैमानिक एकदम ‘आजारी’ पडले. तोडगा निघाला. मात्र मंदीत कुणाला, कोणत्या क्रमाने काढायचे याचा लेखी करार काही रुजला नाही.

अमेरिकेत हा क्रम कागदावर ठरलेला असतो. तिथल्या वैमानिकांची संघटना १९३१ पासून आहे आणि ज्येष्ठता यादी हा तिच्या करारांचा कणा. मंदी आली की यादीच्या तळाचे वैमानिक ‘फर्लो’वर, म्हणजे सक्तीच्या बिनपगारी रजेवर, जातात, पण त्यांचा क्रमांक कायम राहतो आणि भरती सुरू झाली की आधी त्यांना बोलवावे लागते. ११ सप्टेंबर २००१ नंतर हजारो जण असे घरी गेले, काही जण कित्येक वर्षे. त्या व्यवस्थेचाही जाच आहे. कंपनी बदलली की वीस वर्षांचा कॅप्टन सर्वांत खाली, नवख्या फर्स्ट ऑफिसरच्या, म्हणजे सहवैमानिकाच्या, रांगेत. तरीही परत बोलावण्याचा हक्क लेखी असणे ही मोठी गोष्ट आहे.

आपल्याकडे नियम आले ते उलट्या दिशेने. वैमानिक नोकऱ्या सोडून जातात आणि उड्डाणे रद्द होतात म्हणून डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, राजीनाम्याची मुदत बांधून दिली. आधी ती सहा महिने होती. ऑगस्ट २०१७ मध्ये कॅप्टनसाठी एक वर्ष झाली, फर्स्ट ऑफिसरसाठी सहा महिनेच राहिली. प्रवाशांच्या सोयीचे कारण खोटे नाही. २०२३ मध्ये ४३ वैमानिक मुदत न पाळता गेले तेव्हा अकासा या विमान कंपनीला शेकडो उड्डाणे रद्द करावी लागली आणि प्रकरण न्यायालयात गेले. पण ज्या नियमाने वैमानिकाला वर्षभर बांधून ठेवले, त्यात बिनपगारी रजेवर पाठवलेल्याला किती महिन्यांत आणि कोणत्या क्रमाने परत घ्यायचे, याबद्दल काही नाही. हा एकतर्फीपणा मला मुळीच मान्य नाही.

किंगफिशरचे कर्मचारी महिनोन्‌महिने पगाराविना उडत राहिले. ऑक्टोबर २०१२ मध्ये परवाना निलंबित झाला. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेटचे शेवटचे विमान अमृतसरहून मुंबईला उतरले. या दोन्ही वेळी इतर कंपन्या वाढत होत्या, म्हणून पुष्कळांना जागा मिळाल्या, अर्थात बऱ्याचदा खालच्या पगारावर. २०२० मध्ये तीही वाट बंद झाली. मार्च अखेरीपासून दोन महिने देशांतर्गत उड्डाणे थांबली आणि सगळ्याच कंपन्यांनी एकाच वेळी पगार कापले, रजेवर पाठवले. एअर इंडियाने जुलैमध्ये पाच वर्षांपर्यंतच्या बिनपगारी रजेची योजना काढली. राजीनामा देऊन मुदतीतच तो मागे घेतलेल्या चाळीसहून अधिक वैमानिकांना याच कंपनीने ऑगस्टमध्ये सेवेतून मोकळे केले. दिल्ली उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये तो निर्णय रद्द ठरवून त्यांना परत घ्यायला लावले.

घरी बसलेल्या वैमानिकाचे नुकसान पगारापुरते थांबत नाही. ९० दिवसांत किमान तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग नसतील, तर त्याला थेट प्रवासी घेऊन उडता येत नाही. कौशल्य चाचणी ठरावीक काळाने द्यावी लागते, वैद्यकीय प्रमाणपत्राचे नूतनीकरण करावे लागते. नोकरीत असताना सिम्युलेटरचा खर्च कंपनी करते. नोकरी गेल्यावर तोच खर्च, उत्पन्न शून्य असताना, स्वतःच्या खिशातून. आणि वर्षभर न उडालेल्या माणसापेक्षा काल उडालेला माणूस भरती करणाऱ्याला सोयीचा वाटतो.

कायद्याचा आधार इथे फार तोकडा आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफच्या, म्हणजे काम नसल्याने तात्पुरते घरी बसवण्याच्या, काळात निम्मे वेतन देण्याची तरतूद होती, पण ती कारखाने, खाणी आणि मळ्यांपुरती. विमान कंपनी त्यात बसत नव्हती. शेवटी आलेल्याला आधी काढायचे हे तत्त्वही त्याच कायद्यात होते, मात्र ‘कामगारा’साठी. कॅप्टन कामगार की पर्यवेक्षक, यावर वर्षानुवर्षे वाद झाले.

कंपनी दिवाळखोरीत गेली की या वादाला पैशांत किंमत येते. दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३ नुसार कामगारांची २४ महिन्यांची थकबाकी बँकांच्या बरोबरीच्या रांगेत लागते, इतर कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांची थकबाकी त्यांच्या खाली. मे २०२३ मध्ये थांबलेल्या गो फर्स्टचे (आधीची गोएअर) जानेवारी २०२५ मध्ये अवसायन, म्हणजे मालमत्ता विकून कंपनी गुंडाळणे, ठरले. जेटचे त्याआधीच, नोव्हेंबर २०२४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. २०१९ मध्ये थांबलेल्या पगाराचा दावा घेऊन जेटचे माजी कर्मचारी तेव्हाही साडेपाच वर्षे रांगेत उभे होते.