सांस्कृतिक सुरक्षितता : आदिवासी व विमुक्त समाजांची मानसिक आरोग्यसेवा (सातारा-सांगली)

रुग्णाची भाषा, देवधर्म, नातीगोती आणि त्याच्या समाजाने सोसलेला इतिहास यांचा मान राखून, त्या समाजाला बरोबर घेऊन मानसोपचाराची सेवा उभारण्याची पद्धत. सेवा सुरक्षित ठरली की नाही, याचा निवाडा सेवा घेणाऱ्याकडे असतो.

उगम : न्यूझीलंडमधील माओरी (तेथील मूळ रहिवासी) समाजातील परिचारिका व अध्यापिका इरिहापेटी रॅम्सडेन (1946–2003) यांच्याकडे या संकल्पनेचे श्रेय जाते. परिचर्येच्या माओरी विद्यार्थ्यांच्या एका मेळाव्यात, बहुधा 1988 मध्ये, एका विद्यार्थिनीने विचारले, की कायदेशीर आणि नैतिक सुरक्षिततेबद्दल सगळे बोलतात, पण सांस्कृतिक सुरक्षिततेचे काय? त्या प्रश्नातून रॅम्सडेन यांनी सिद्धान्त बांधला. 1990 च्या दशकाच्या आरंभी तेथील परिचर्या परिषदेने तो अभ्यासक्रमात आणला. त्यावर वृत्तपत्रांतून काहूर उठले, वाद संसदीय समितीपर्यंत गेला आणि 1996 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे सुधारली गेली. काही अभ्यासक या विचाराचे मूळ अमेरिकेतील मॅडलिन लाइनिंगर यांच्या आंतरसांस्कृतिक परिचर्येत शोधतात. काळाच्या दृष्टीने लाइनिंगर निश्चितच आधीच्या. त्यांचे काम 1950 च्या दशकापासूनचे. मात्र त्यांचा भर परक्याच्या चालीरीती शिकून घेण्यावर होता, तर रॅम्सडेन परिचारिकेला तिच्या स्वतःच्या अधिकाराकडे आणि वसाहतकाळाकडे पाहायला लावतात. त्यामुळे स्वतंत्र उगमाचे मत अधिक सयुक्तिक वाटते. सातारा-सांगलीच्या संदर्भात तर हा फरक कळीचा आहे.

स्थानिक संदर्भ : पश्चिम डोंगरपट्ट्यातील कातकरी व गवळी धनगर, दोन्ही जिल्ह्यांतील फासेपारधी, रामोशी आणि बेरड हे येथील संबंधित समाज. कातकरी व फासेपारधी अनुसूचित जमातींत, रामोशी व बेरड विमुक्त जातींत, तर गवळी धनगर भटक्या जमातींत मोडतात. ब्रिटिशकालीन कायद्याने पारध्यांवर मारलेला ‘गुन्हेगार जमाती’चा शिक्का 1952 मध्ये पुसला गेला; लोकांच्या आणि पोलिसांच्या मनातला अजून पुसलेला नाही. विष प्यायलेल्या माणसाला सरकारी दवाखान्यात आणले, की ‘एमएलसी’ (पोलिसांना कळवावे लागणारे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण) नोंदली जाते आणि खाटेजवळ पोलीस जबाब घ्यायला येतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 च्या कलम 115 नुसार अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरायचे असते, तिच्यावर खटला चालवायचा नसतो. पण हे त्या कुटुंबाला त्याच्या भाषेत, पोलीस येण्याआधी, कोणी तरी सांगायला हवे. जबाब होताच रुग्णाला उचलून पालावर नेणाऱ्या नातेवाइकांना अडाणी म्हणणे अन्यायाचे आहे.

अंगात येणे : वाई तालुक्यातील मांढरदेवच्या काळूबाईच्या पौषी यात्रेत घुमणाऱ्या बाया दिसतात. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती (2022 पासून लागू) समाजमान्य धार्मिक आचारातील संचाराला विकार मानत नाही. म्हणून यात्रेबाहेर, एरवीही वारे येते का, आवरते का, नंतर मोकळे वाटते की जीव नकोसा होतो, हे आधी विचारावे लागते. देवऋषी किंवा भगत यांना बरोबर घेता येते. बांधून ठेवणे, मारणे, मिरच्यांची धुरी देणे यांना मात्र थारा नाही. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्यासाठी आयुष्य वेचले, तो जादूटोणाविरोधी कायदा (2013) याबाबत स्पष्ट आहे.

सेवेची घडी : राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत, या दोन जिल्ह्यांत एकही नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि ‘टेलिमानस’ची 14416 ही मानसिक आरोग्य सल्ल्याची सरकारी दूरध्वनी सेवा यांवर भिस्त आहे. वीटभट्टी व कोळसाभट्टीवर जाणारी कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वाडी सोडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यामुळे गोळ्यांचा पुरवठा आणि फेरतपासणीची तारीख भट्टीचा हंगाम पाहून, मुकादमाला मध्ये न घालता ठरवावी लागते. दुभाषा त्याच समाजातला असावा, पण रुग्णाच्या भावकीतला किंवा जातपंचायतीचा पंच नसावा.