रेल्वे कुणाची? गोव्यातल्या नाराजीची पार्श्वभूमी

गाडी क्रॉसिंगला तासभर उभी, जनरल डब्यात पाय ठेवायला जागा नाही, गणेश चवथीची तिकिटं खिडकी उघडताच संपलेली. गोव्यात ही तक्रार दरवर्षी होते. तिच्याखाली एक जुना संशय आहे: रेल्वे इथे आली, पण इथल्या माणसासाठी नाही.

संशयाला आधार आहे. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारातून मुरगाव बंदर आणि घाटमाथ्यावरच्या कॅसलरॉकपर्यंतचा मीटरगेज मार्ग उभा राहिला, १८८८ मध्ये तो ब्रिटिश मुलखाला जोडला गेला. दख्खनचा माल समुद्राला लावायचा, एवढाच हिशेब. पेडणे, डिचोली, सत्तरी वाऱ्यावरच. भारताने केलेल्या १९५५ च्या नाकेबंदीत हद्दीपलीकडची ये-जा थांबली. मुक्तीनंतर गाड्या पुन्हा धावल्या, तरी मुंबईला जायचं तर बोट, बस किंवा मिरजेचा वळसा.

म्हणून मधु दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस या नेत्यांनी रेटलेल्या आणि अभियंते ई. श्रीधरन यांनी बांधलेल्या कोकण रेल्वेचं इथे स्वागत व्हायला हवं होतं. झालं उलटं. खाजन शेती (खाडीकाठची बांध घातलेली सखल जमीन) आणि जुनी गावं वाचवण्यासाठी मार्ग पूर्वेकडे सरकवा म्हणून आंदोलन पेटलं, १९९३ मध्ये काम काही काळ थांबलं. त्या लोकांना विकासविरोधी ठरवणं सोपं होतं, आणि ते ठरवलंही गेलं. पेडण्याच्या बोगद्यात मऊ माती पुन्हापुन्हा ढासळली आणि संपूर्ण मार्ग खुला व्हायला २६ जानेवारी १९९८ उजाडलं. याच बोगद्याची भिंत ऑगस्ट २०२० मध्ये कोसळली, जुलै २०२४ मध्ये आत पाणी शिरलं; दोन्ही वेळा गाड्या रद्द झाल्या किंवा वळवाव्या लागल्या.

सुरुवातीचं कौतुक मात्र खरं होतं. पेडणे, थिवी, करमळीच्या माणसाला मुंबई एका रात्रीवर आली. पुढे त्याच एकेरी रुळावर गाड्या वाढत गेल्या: मालगाड्या, ट्रक वाहून नेणारी रो-रो, २०१७ मध्ये तेजस, २०२३ मध्ये वंदे भारत. नव्या महागड्या गाडीला वाट द्यायला कुणीतरी थांबणारच, आणि थांबते ती साधी गाडी. पावसाळ्यात वेग मुद्दाम कमी ठेवतात. २००३ चा वैभववाडीजवळचा दरडीमुळे झालेला अपघात आठवला की त्याला नावं ठेववत नाहीत. भाड्याचं तसं नाही. बांधणीचं कर्ज फेडायला अंतर ४० टक्के वाढवून तिकीट आकारायची पद्धत पहिल्यापासूनची.

दुपदरीकरण कोकण रेल्वेवर हवं होतं, तिथे ते रायगड जिल्ह्यातल्या रोहा ते वीर एवढंच झालं. गोव्यात ते हाती घेतलं गेलं मुरगावच्या मार्गावर. बंदरातला कोळसा वाहण्यासाठीच ते, असं म्हणत नोव्हेंबर २०२० मध्ये त्या मार्गावरच्या चांदर गावचे लोक रात्रभर रुळांवर बसले. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक-कुळे टप्प्याची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली.