पॉवर बँकेतली गळती : ३.७ आणि ५ व्होल्टांची पार्श्वभूमी

ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात आली की लोणंदच्या बाजारपेठेतील मोबाइलच्या दुकानांना चार्जिंग केंद्राचे रूप येते. गेल्या आषाढात अशाच एका दुकानात काउंटरवर फोन आणि पॉवर बँका दाटीवाटीने मांडल्या होत्या आणि प्रत्येकीला मालकाच्या नावाची चिठ्ठी रबराने बांधली होती. एक वयस्कर वारकरी दुकानदाराला विचारत होते, “माउली, ही वीस हजाराची आहे, फोन पाच हजाराचा. चार वेळा भरायला पाहिजे का नको? तीनदासुद्धा भरत नाही.” हे हजाराचे आकडे किमतीचे नव्हेत, क्षमतेचे, म्हणजे मिलिअँपिअर-तासांचे. दुकानदाराने बँक उलटसुलट करून पाहिली आणि “डुप्लिकेट असंल” असा निकाल दिला. बँक अस्सल होती. वारकऱ्यांचा भागाकारही बरोबर होता, मात्र त्यातले दोन आकडे थेट एकमेकांना भागता येण्याजोगे नव्हते. ते तसे का नाहीत, याचे मूळ गेल्या साठ वर्षांत वेगवेगळ्या कारणांनी रूढ झालेल्या दोन विद्युतदाबांत आहे.

पहिला विद्युतदाब रसायनातून आला. जॉन गुडइनफ यांनी १९८० मध्ये लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा बॅटरीतला ध्रुव (इलेक्ट्रोड) म्हणून उपयोग दाखवला, अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये कार्बनी ध्रुवाशी त्याची जोडी जमवली आणि १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. या जोडीतून सरासरी ३.६ ते ३.७ व्होल्ट मिळतात. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टांवर असतो आणि रिकामा होताना तीनच्या आसपास उतरतो. हे आकडे कोणत्याही समितीने ठरवलेले नाहीत.

दुसरा विद्युतदाब मात्र माणसांनी ठरवला. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या ७४०० मालिकेतील तर्कमंडले (लॉजिक चिप) १९६० च्या दशकात ५ व्होल्टांवर चालत, त्यामुळे पुढच्या संगणकांतही ५ व्होल्टांची वाहिनी रुळली आणि १९९६ मध्ये यूएसबी आली तेव्हा माउस-कीबोर्डला वीज देण्यासाठी तोच आकडा घेतला गेला. त्या वेळी यूएसबीवर फोन चार्ज करण्याचा विचार कोणी फारसा केलेला नव्हता. नोकियाची बारीक पिन, सोनी एरिक्सनची चपटी पिन असा प्रत्येक कंपनीचा आपापला संसार होता. चीनने २००६ मध्ये यूएसबीवर आधारित चार्जरचे मानक काढले, युरोपात २००९ मध्ये कंपन्यांनी मायक्रो-यूएसबीवर सहमती दिली आणि फोन चार्ज करायचा तर ५ व्होल्ट, हे समीकरण पक्के झाले.

तोवर आपल्याकडे पॉवर बँकेची गरज भासत नव्हती, असे मात्र नाही. २००५ नंतरच्या काही वर्षांत भारनियमन शिगेला पोहोचले होते. सातारा-सांगलीच्या गावांतून दिवसातले कित्येक तास वीज नसे आणि पुष्कळांच्या खिशात नोकियाची बीएल-५सी ही जास्तीची बॅटरी असे. मागचे झाकण काढायचे, रिकामी काढून भरलेली घालायची. या साध्या उपायाचे एक वैशिष्ट्य तेव्हा कुणाच्या लक्षात आले नाही : त्यात गळती जवळजवळ नव्हतीच. सेल थेट फोनला जोडला जाई, मध्ये कोणतेही रूपांतर नव्हते. २००७ मध्ये आयफोन बंदिस्त बॅटरीसह आला, पुढे बाकीच्यांनी तीच वाट धरली आणि जास्तीची बॅटरी फोनबाहेर राहिली. फोनमध्ये शिरायला तिला ५ व्होल्टांचे छिद्र तेवढे उरले.

म्हणून पॉवर बँकेत वीज दोनदा रूप बदलते. सेलचे ३.७ व्होल्ट चढवून ५ करायचे, ते केबलने न्यायचे आणि फोनने ते पुन्हा उतरवून आपल्या तशाच सेलमध्ये भरायचे. एका सेलचे पाणी दुसऱ्यात ओतायला आधी माडीवर चढवावे, असा हा प्रकार आहे. दाब चढवणाऱ्या जुन्या मंडलांत डायोड असे आणि त्याच्यावरच सुमारे ०.४ व्होल्ट खर्ची पडत. ५ व्होल्टांच्या मानाने ही सात-आठ टक्के गळती झाली. डायोडच्या जागी ट्रान्झिस्टर वापरणाऱ्या चिप स्वस्त झाल्यावर या टप्प्याची कार्यक्षमता नव्वद टक्क्यांच्या आसपास पोहोचली. केबलकडे मात्र आजही दुर्लक्ष होते. जाताना-येताना मिळून ०.२ ओहम रोध असलेल्या केबलमधून २ अँपिअर वाहिले, तर १० वॅटपैकी ०.८ वॅट तारेतच तापून जातात. माझ्या मते, वीस रुपयांची केबल जोडून बँकेला नावे ठेवणे हा निव्वळ अन्याय आहे.

गोंधळात भर पडली ती छापील आकड्याने. साध्या फोनच्या काळात सगळ्यांचे सेल सारख्याच विद्युतदाबाचे असल्याने मिलिअँपिअर-तासांची, बाजारभाषेत ‘एमएएच’ची, तुलना चालून जाई. पॉवर बँकांनी तीच पद्धत उचलली. शाओमीने २०१३ च्या अखेरीस आणलेली गाजलेली बँक १०,४०० एमएएचची होती, म्हणजे लॅपटॉपच्या बॅटरीत असतात तसे २,६०० चे चार सेल. हा आकडा खरा, पण ३.७ व्होल्टांवरचा. १०,००० एमएएचची बँक म्हणजे १० अँपिअर-तास गुणिले ३.७ व्होल्ट, म्हणजे ३७ वॅट-तास ऊर्जा. तीच ऊर्जा ५ व्होल्टांवर मोजली तर एक थेंबही न गळता ७,४०० एमएएच उरतात. ही २६ टक्क्यांची घट मोजणीतली आहे, तिला गळती म्हणता येत नाही. खरी गळती त्यानंतर सुरू होते.

पुढचे प्रयत्न मुख्यतः त्या ५ व्होल्टांच्या बंधनातून सुटण्याचे होते. २०१२ च्या यूएसबी पॉवर डिलिव्हरीने जास्त विद्युतदाबाची वाट उघडली. ९ व्होल्टांवर तेवढीच शक्ती पाठवायला प्रवाह कमी लागतो आणि प्रवाह निम्मा झाला की केबलची गळती चौथाईवर येते. २०१७ मध्ये त्यात पीपीएस (प्रोग्रामेबल पॉवर सप्लाय) या सोयीची भर पडली आणि फोन २० मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी हवा तेवढा विद्युतदाब मागू लागला, त्यामुळे उतरवण्याचे काम आणि फोनचे तापणे दोन्ही घटले. याच काळात पाठीवर चिकटवायच्या वायरलेस बँकाही आल्या. त्या सोयीच्या आहेत, पण केबलपेक्षा त्यांच्यात बरीच जास्त ऊर्जा उष्णतेत जाते.

भारतात सक्तीच्या नोंदणीच्या २०१२ च्या आदेशाखाली पुढे पॉवर बँकाही आल्या. लेबलावरचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक त्याचाच असून तो सुरक्षिततेच्या चाचणीशी संबंधित आहे. त्यावरून कार्यक्षमता कळत नाही. विमानात नेण्याची १०० वॅट-तासांची मर्यादा मात्र थेट ऊर्जेच्या भाषेत आहे, आणि तिच्यामुळेच अनेक बँकांवर वॅट-तास ठळक छापले जाऊ लागले.

लोणंदच्या त्या बँकेच्या पाठीवर, चष्मा चढवूनही कष्टाने वाचता येईल अशा अक्षरांत, ७४ वॅट-तास लिहिले होते आणि खाली ‘रेटेड कपॅसिटी १२,००० एमएएच, ५ व्होल्ट’ अशी ओळ होती. १२,००० एमएएच म्हणजे १२ अँपिअर-तास, गुणिले ५ व्होल्ट म्हणजे ६० वॅट-तास बाहेर पडणार. फोन ते उतरवून घेताना त्यातले दहा-पंधरा टक्के जाऊन ५२ च्या आसपास उरणार. ५,००० एमएएचच्या फोनची बॅटरी ३.८५ व्होल्टांवर साधारण १९ वॅट-तासांची असते. भागाकार पावणेतीनच्या जवळ येतो.