स्की विश्वविजेतेपद: महिला स्लॅलमसाठी नाव कसं जातं?

'फॉर्म कुठे मिळतो?' या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते: खेळाडूने भरायचा फॉर्म नाहीच. स्लॅलम म्हणजे उतारावर जवळजवळ रोवलेल्या खांबांच्या गेटमधून वळणं घेत खाली येण्याची स्की शर्यत. पुढचं अल्पाइन, म्हणजे उतारावरच्या स्कीइंगचं, विश्वविजेतेपद 2027 मध्ये स्वित्झर्लंडच्या क्राँ-मोंतानात आहे. तिथे नाव पाठवते ती राष्ट्रीय संघटना. आपल्याकडे स्की अँड स्नोबोर्ड इंडिया. एका शर्यतीत एका देशाच्या चौघीच उतरतात. गतविजेतीची जागा वेगळी. 2025 मध्ये ऑस्ट्रियातल्या झालबाखला स्लॅलम जिंकली कामी रास्तने, त्यामुळे स्वित्झर्लंडला पाचवी जागा मिळू शकते.

संघटनेकडे द्यायचे कागद मोजकेच: पासपोर्ट, सही केलेलं खेळाडूचं प्रतिज्ञापत्र (अल्पवयीन असल्यास पालकांचीही सही) आणि अपघात विमा. ते पाहून संघटना आंतरराष्ट्रीय स्की महासंघाकडे, म्हणजे एफआयएसकडे, नोंदणी करते आणि खेळाडूला कोड मिळतो. हंगाम सुरू होतो त्या वर्षाच्या 31 डिसेंबरपर्यंत वयाची 16 वर्षं पूर्ण हवीत. परदेशातल्या मराठी पालकांसाठी मुद्दाम सांगते, ओसीआय कार्डावर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) भारताकडून उतरता येत नाही. पासपोर्टच भारतीय लागतो.

खरी चाळणी एफआयएस गुणांची, आणि इथे उलटा कारभार आहे: गुण जितके कमी, तितकी खेळाडू सरस. समजा, विजेतीला दोन फेऱ्यांत मिळून 100 सेकंद लागले आणि तुमच्या मुलीला 110. ती दहा टक्के मागे. स्लॅलमचा गुणक 730, म्हणजे झाले 73 गुण. यात त्या शर्यतीचा 'पेनल्टी' आकडा, म्हणजे स्पर्धकांच्या दर्जावरून ठरणारी भर, मिळवायचा. तो 40 असेल तर एकूण 113. मैदानात तगड्या खेळाडू कमी असतील तर पेनल्टी वाढते. म्हणून सोपी शर्यत शोधून पहिलं आलं तरी शून्य गुण पदरात पडत नाहीत. एफआयएसच्या गुणांच्या यादीत साधारण वर्षभरातल्या दोन उत्तम निकालांची सरासरी धरतात, त्यामुळे एका भाग्यवान दिवसावर भागत नाही. आघाडीच्या तीस जणींनंतर कोण कधी सुटणार, हेही बहुतांशी याच गुणांवर ठरतं. गुण जास्त असले की बिब क्रमांक (अंगावरचा, सुटण्याच्या क्रमाचा) मागचा, आणि तोवर प्रत्येक गेटपाशी बर्फात खोल चर पडलेले असतात.

साहित्याचीही तपासणी होते. स्लॅलमची स्की महिलांसाठी किमान 155 सेंटीमीटर लांब लागते. ती शर्यत संपल्यावरसुद्धा मोजतात. नियमात बसली नाही तर निकाल रद्द.